पुन्हा त्याच दारात

मुलीच्या स्थळाची चौकशी चालू असते. मुलगा बँकेत आहे असे कळले की चहाबरोबर चिवडा येतो. मुलगा कॉलेजात शिकवतो म्हटले की चिवड्यावर एखादा लाडूही येतो. पण मुलगा माल विकत दारोदार फिरतो असे कोणी सांगितले, की नुसता चहा येतो, आणि तोही गार झालेला. आपण मध्यमवर्गीय मंडळी विक्रेत्याशी वर्षानुवर्षे अशीच वागत आलो. त्याच्याकडून वस्तू घ्यायची, भावात घासाघीस करायची, त्याला पाणीही द्यायचे. पण आपला मुलगा तसा होऊ नये म्हणून देवाला नारळ बोलायचा.

तेव्हा वाचकहो, यंदाच्या दिवाळीत या सदरात कोणा मंत्र्याची किंवा महापंडिताची आठवण न काढता अशाच एका दारोदार फिरलेल्या गृहस्थाची काढणार आहे. केशव विष्णू पेंढरकर हे त्यांचे नाव. मूळ धंदा नागपुरात किराणा दुकानाचा. नाव वाचून कदाचित तुमची ओळख पटणार नाही. पण त्यांनी विकलेली वस्तू तुमच्या किंवा तुमच्या आजीच्या मोरीवरच्या फळीवर कधी ना कधी नक्की उभी असणार. ‘विको वज्रदंती’ ती हीच.

नागपूरच्या किराणा दुकानाविषयी आधी थोडे बोलले पाहिजे, कारण या माणसाची खरी शाळा तीच. नागपूर त्या काळी राजधानीचे गाव. १ नोव्हेंबर १९५६ ला राज्यपुनर्रचना झाली आणि गावाचा तो मान गेला. तोपर्यंत कचेऱ्या, वकील, कारकून, विद्यार्थी आणि एम्प्रेस मिलचे कामगार यांनी गाव गजबजलेले असे. इतवारीत एकेका मालाची एकेक ओळ. सराफा ओळी वेगळी, किराणा ओळी वेगळी. तोलमाप शेर-छटाकाचे. किलो आणि ग्रॅम १९५८ नंतर आले, आणि त्यांच्याशी जुळवून घेताना गिऱ्हाईक आणि दुकानदार या दोघांचीही बोटे मोजून मोजून दुखली.

अशा दुकानाच्या गल्ल्यावर बसणाऱ्या माणसाला घराघरांच्या बातम्या वर्तमानपत्राच्याही आधी कळतात. डिंक, खारीक आणि अळीव न्यायला कोणी आले की समजावे, त्या घरी बाळंतपण झाले. साबुदाणा एकदम दुपटीने गेला की कोणी तरी कडक व्रत धरले आहे. महिनाअखेरीस पाव शेर तेल मागणारा गृहस्थ एक तारखेला दोन शेर नेतो, आणि ज्या महिन्यात तो एक तारखेलाही पाव शेरच मागतो, त्या महिन्यात त्याला उधारीची आठवण द्यायची नसते. हे ज्याला कळते तो दुकानदार. ज्याला कळत नाही तो नुसता तराजू धरणारा. पुढे दंतमंजनाच्या डब्या घेऊन परक्या दारांत उभे राहण्याची पाळी आली तेव्हा केशवरावांच्या पिशवीत डब्यांखेरीज ही एक शिदोरी होती.

किराण्यावर भागेना, म्हणून ते कुटुंबकबिल्यासह मुंबईला गेले. नागपूर ते मुंबई म्हणजे रेल्वेने आठशे किलोमीटरहून अधिक. नागपूरकराच्या मनाच्या हिशेबात ते त्याहूनही लांब, कारण मुंबईत ‘या, बसा’ म्हणायला आधी बसायची जागा असावी लागते. प्रथम वांद्रे, मग परळ. अधूनमधून लहानसहान धंदे करून पाहिले. आणि १९५२ साली विष्णू इंडस्ट्रियल केमिकल कंपनी या नावाने पाटी लावली. इंग्रजी आद्याक्षरे जुळवली की त्याचेच ‘विको’ होते. पाटीवरचे विष्णू म्हणजे केशवरावांचे वडील. माणूस नवा संसार थाटताना जुन्या घरातले एखादे तरी भांडे बरोबर आणतो, तसे त्यांनी वडिलांचे नाव आणले.

त्या वेळी त्यांनी पन्नाशी ओलांडली होती. ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. त्या काळी सरकारी नोकर पंचावन्नाव्या वर्षी पेन्शनीत निघत. म्हणजे ज्या वयात त्यांच्या बरोबरीचे लोक हार घालून घेऊन, चांदीचा पेला स्वीकारून, संध्याकाळी फिरायला जाण्याची काठी विकत घेत, त्या वयात हा गृहस्थ पिशवी खांद्याला लावून जिने चढायला निघाला. मागे मुले, संसार, आणि आधीच्या धंद्यांचा अनुभव, जो फारसा उत्साह वाढवणारा नव्हता. फसले असते तर पुन्हा उभे राहण्याइतके वय उरलेले नव्हते.

माल कोणता निवडला, तर दात घासण्याची पूड. आता दात कशाने घासायचे या प्रश्नावर महाराष्ट्रात तेव्हा एकमत मुळीच नव्हते. कोणाला कडुनिंबाची काडी प्रिय, कोणाला बाभळीची. कोणाची चुलीतल्या कोळशावर भिस्त, कोणाची राखुंडीवर. काही घरांतल्या आजीबाई मशेरीशिवाय सकाळच मानत नसत. शहरी, शिकलेल्या घरात विलायती पेस्ट शिरली होती. कोलगेट १९३७ पासून या देशात कंपनी थाटून बसले होते. अशा वेळी केशवरावांनी आयुर्वेद जाणणाऱ्या आप्ताच्या मदतीने बाभूळ, जांभूळ, लोध्र, बकुळ, मंजिष्ठा अशा वनस्पतींचे चूर्ण सिद्ध केले. आजीला ते ओळखीचे वाटावे आणि कॉलेजात जाणाऱ्या नातवाला डबीतले असल्यामुळे गावंढळ वाटू नये, हा त्यातला चतुरपणा. एकाच घरातल्या दोन पिढ्यांची भांडणे न लावता दोघांना एकच वस्तू विकणे हे सोपे काम नव्हे. करून पाहा.

कारखाना कुठे होता? परळच्या त्यांच्या राहत्या जागेत. तीन खोल्यांच्या घरातले स्वयंपाकघर म्हणजे कारखाना, आणि उरलेल्या खोल्या म्हणजे कचेरी, गोदाम आणि संसार. उद्योगपतींच्या चरित्रांत हे एका ओळीत सांगून मोकळे होतात, की स्वयंपाकघरात धंद्याला सुरुवात झाली. माझ्यासारख्याला तिथे थांबावेसे वाटते. ज्या घरात सकाळी कुटलेल्या सालीची धूळ उडते, तिथेच डाळ शिजायची, मुलांचे डबे व्हायचे, पाहुणा आला तर त्याचे पान मांडायचे. भातालाही मंजिष्ठेचा वास येत असेल. पुरुषाने धंद्यासाठी घर पणाला लावले असे आपण कौतुकाने म्हणतो. पण घरातली जी जागा पणाला लागली ती बहुतेक वेळा बाईची असते, आणि तिचे नाव पाटीवर येत नाही. असो. दिवाळीच्या दिवसांत फराळाची कढई मांडायला ओट्यावर हातभर जागा कमी पडली तर आपल्याकडे काय रामायण होते ते आठवा, म्हणजे बारा महिने तिथे कारखाना मांडणे काय असेल ते समजेल.

तयार माल घेऊन केशवराव आणि त्यांचे मुलगे दारोदार जात. हे दारोदार जाणे म्हणजे काय, ते नीट सांगायला हवे, कारण आजच्या मुलांना ते पाहायलाच मिळालेले नाही.

गिरणगावातली चाळ विक्रेत्याला सोन्याची खाणही आणि फाशीचा दोरही. एक जिना चढला की एका गॅलरीत वीस दारे. नागपुरात तसे नाही. धंतोलीत किंवा रामदासपेठेत एका फाटकापासून दुसऱ्या फाटकापर्यंत उन्हात चालायचे. मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या पुढे, कुत्रे सावलीत, माणसे खसच्या ताट्यांमागे, आणि तुम्ही रस्त्यावर. म्हणून नागपूरच्या माणसाला चाळ म्हणजे वैकुंठच वाटावे. पण चाळीची दुसरी बाजू अशी, की गॅलरीतल्या पहिल्या दारात कोणी खेकसून दार लावले तर तो आवाज उरलेल्या एकोणीस दारांत ऐकू जातो. आणि पहिल्या दारातल्या बाईने हसून एक डबी ठेवून घेतली तर तेही एकोणीस दारांना कळते. तेव्हा चाळीत एकेका घराला विकता येत नाही, विकायचे ते सगळ्या गॅलरीला.

वेळही साधावी लागते. सकाळी नळाची गर्दी आणि गिरणीचे भोंगे. त्या वेळी देव आला तरी त्याला ‘नंतर या’ म्हणतील. जेवणे आटोपून बायका तांदूळ निवडायला बसल्या की दुपारचे दोन-तीन तास आपले. घरात कर्ता पुरुष नाही, तेव्हा बोलण्यात मर्यादा हवी. ‘काकू’ कोणाला म्हणायचे, ‘वहिनी’ कोणाला, हे वय पाहून क्षणात ठरवायचे. चुकून तिशीच्या बाईला काकू म्हटले, तर माल वैद्य धन्वंतरीने बनवलेला असला तरी खपत नाही.

आणि यातली सर्वांत अवघड बाब पुढेच आहे. साडी विकणारा एकदा विकून जातो. भांडी विकणारा वर्षाने येतो. दंतमंजनाची डबी महिन्याभरात संपते. म्हणजे ज्या दारात आज गोड बोलून डबी ठेवली, त्याच दारात महिन्याने पुन्हा उभे राहायचे आहे. तोपर्यंत त्या घरातल्या सर्वांनी ती पूड रोज सकाळी हिरड्यांवर घासलेली असणार. खोटे बोलला असाल तर तुम्ही यायच्या आधीच ते उघडे पडलेले असते. पहिली डबी जिभेच्या जोरावर विकता येते. दुसऱ्या डबीला ती डबीच साक्षीदार लागते. केशवरावांच्या धंद्याने तग धरला तो दुसऱ्या डबीवर.

मराठी उद्योगात ही चिकाटी अगदीच अपूर्व होती असे नाही. लक्ष्मणराव किर्लोस्करांचे पहिले चाळीस लोखंडी नांगर खपायला दोन वर्षे लागली होती. पण तिथे समोर शेतकरी होता आणि हाती नांगर. विकणाऱ्याला निदान वजनदार वस्तू दाखवता येत होती. इथे समोर तांदूळ निवडणारी गृहिणी आणि हातात चिमूटभर पूड.

आमच्या नागपूरच्या घरी असेच एक उदबत्तीवाले येत. त्यांचा केशवरावांशी काही संबंध नाही, पण या जातीचा माणूस कसा असतो ते त्यांच्यावरून मला कळले. ओट्यावर बसले की पहिली पंधरा मिनिटे पिशवीला हात लावायचे नाहीत. आधी थोरल्याची परीक्षा, मग आजोबांचा गुडघा, मग मागच्या खेपेला गाय व्यायची होती तिचे काय झाले. त्यांना आमच्या गल्लीतल्या चारही बाजूंच्या सुना माहेरच्या नावाने ठाऊक. दोन घरांत बोलणे बंद असले तर निरोप यांच्याकडून जात. मे महिन्यात मठ्ठा, पावसात चहा, आणि संक्रांतीला तिळगुळाची वेगळी पुडी ‘घरी न्या’ म्हणून. ऐंशी उलटल्यावर त्यांचे पाय थकले आणि येणे थांबले. त्यानंतर कित्येक वर्षे आमच्या गल्लीतली मंडळी इतवारीकडे गेली की वाकडी वाट करून त्यांच्या घरी जात. उदबत्ती आता घरोघर दुकानातून येत होती, तरी जात. गेले तेव्हा नव्वदीच्या पुढे होते, आणि त्यांच्या मुलाला आपल्या वडिलांना ओळखणारी इतकी घरे आहेत हे त्या दिवशी प्रथम समजले.

आर्थर मिलर या अमेरिकन नाटककाराने १९४९ मध्ये एका फिरत्या विक्रेत्याच्या मृत्यूवर नाटक लिहिले, आणि ते जगभर गाजले. त्यातल्या विक्रेत्याची आयुष्यभर एकच श्रद्धा, की माणूस लोकांना आवडला पाहिजे, मग बाकी सगळे जमते. शेवटी नोकरी जाते, मुलांशी पटत नाही, आणि अंत्ययात्रेला घरच्यांखेरीज एक शेजारी आणि त्याचा मुलगा तेवढे येतात. नाटक थोर आहे यात शंका नाही. पण मला नेहमी वाटते, की त्या बिचाऱ्याला मुलांना बरोबर घेऊन जिने चढता आले असते तर गोष्ट निराळी झाली असती. तो एकटा मोटार हाकत दूरच्या गावी जाई, आणि घरी येऊन फुशारकी सांगे. मुलांनी बाप विकताना पाहिला नाही, आणि नकार खाताना तर नाहीच नाही.

पेंढरकरांच्या मुलांनी दोन्ही पाहिले. ज्या दारातून वडिलांना परत फिरवले गेले त्या दारासमोर तीही उभी होती. पोराच्या देखत नकार घेणे बापाला सोपे नसते. आपण घरात मुलांसमोर महिनाअखेरीची चणचणसुद्धा लपवतो. पण त्या जिन्यांवर जे शिक्षण झाले ते पुढे उपयोगी पडले. मुलांपैकी गजानन पेंढरकरांनी औषधनिर्माणशास्त्राची पदवी घेतली आणि घरच्याच कामात शिरले. पदवीधर मुलगा दुसरीकडे बड्या पगाराला न जाता बापाच्या दंतमंजनात येतो, याचा अर्थ त्याला त्या पिशवीची लाज वाटत नव्हती. मला विचाराल तर केशवरावांची सर्वांत मोठी विक्री ही.

केशवराव १९७१ मध्ये गेले. कंपनीला तेव्हा एकोणीस वर्षे झाली होती. गजाननरावांनी सूत्रे घेतली आणि १९७५ मध्ये हळदीची क्रीम बाजारात आली. हळद म्हणजे आपल्या घरातली सर्वांत जुनी प्रसाधन-सामग्री; नवरा-नवरीला लावल्याशिवाय लग्न लागत नाही. तरी ट्यूबमधली हळद म्हटल्यावर लोक बिचकले. तोंड पिवळे होईल! मग विक्रेत्यांच्या हाती आरसे देण्यात आले. दुकानदाराला म्हणायचे, घ्या, लावा, आणि स्वतःच पाहा. परळच्या गॅलरीतली जुनी युक्ती ती हीच. आपण बोलायचे नाही, वस्तूला बोलू द्यायचे.

बोलणे मात्र पुढे भरपूर झाले, तेही गाऊन. सिनेमा सुरू होण्याआधी पडद्यावर विकोची जाहिरात लागली नाही असे थिएटर विरळा. १९८४ मध्ये दूरदर्शनवर ‘ये जो है ज़िंदगी’ ही मालिका विकोच्या नावाने घरात शिरली, आणि विक्रेता जिना न चढताच बैठकीत येऊन बसला. ती जाहिरात अनेकांना आजही तोंडपाठ आहे. मुलांचे पाढे पाठ नसले तरी चालेल, ती पाठ.

अबकारी खात्याबरोबरचे भांडण मात्र दीर्घ आणि कष्टाचे झाले. प्रश्न असा, की ही पेस्ट आणि ही क्रीम औषध की सौंदर्यप्रसाधन? प्रसाधन असेल तर कर जबर, आयुर्वेदिक औषध असेल तर हिशेब वेगळा. १९७८ मध्ये सुरू झालेला हा वाद ठाण्याच्या न्यायालयातून वर वर जात नव्या शतकापर्यंत चालला, आणि अखेर सर्वोच्च न्यायालयानेही कंपनीच्या बाजूने निकाल दिला. निकालात दोन कसोट्या होत्या. घटकद्रव्ये आयुर्वेदाच्या ग्रंथांत आहेत काय, ही एक. आणि सामान्य माणूस रोजच्या व्यवहारात त्या वस्तूला काय समजतो, ही दुसरी. पाव शतक खपून मोठमोठ्या वकिलांनी ज्याची चर्चा केली तो प्रश्न १९५२ मध्ये परळच्या गॅलरीत तांदूळ निवडणारी बाई एका वाक्यात विचारत असणार: “हे औषध आहे की नुसतं दात घासायचं?” उत्तर काय द्यायचे ते केशवरावांना तेव्हाच ठरवावे लागले.

गजाननराव २०१५ मध्ये वारले. कंपनीचे कारखाने डोंबिवलीत झाले, गोव्यात झाले, आणि नागपुरातही झाला. ज्या गावात किराण्यावर भागेना म्हणून गाठोडे बांधले, त्या गावात आता या घरच्या मालाचा कारखाना. त्या अबकारीच्या खटल्यातही सरकारतर्फे उभे राहिलेले आयुक्त नागपूरचेच, ही एक गंमत.

दारावरची घंटा नागपुरात अजून वाजते, पूर्वीपेक्षा जास्तच वाजते. पण दार उघडल्यावर जो तरुण उभा असतो तो काही विकायला आलेला नसतो. आपण रात्री मोबाइलवर बोट फिरवून विकत घेतलेली वस्तू तो नुसती पोहोचवतो. त्याला बसायला वेळ नाही, पाणी विचारले तर चकित होतो, आणि आकडा सांगा म्हणतो. चार आकडे सांगितले की जातो. पुढच्या खेपेला दुसराच येतो.

जाता जाता वज्रदंतीविषयी, कारण मला हे कळले तेव्हा मी ओशाळून हसलो होतो. वज्रदंती म्हणजे हिमालयातली दुर्मीळ मुळी असावी अशी माझी कित्येक वर्षे समजूत. ती आपली पिवळी कोरांटी! काटेरी म्हणून कुंपणाला लावतात, आणि फुले देवाला वाहतात. दिवाळीच्या सुमारास ती फुलावर येते. तुमच्या कुंपणाशी असेल, तर पाडव्याला सकाळी दात घासता घासता जाऊन पाहा.